चित्र कोण काढतंय?

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे २०२५ साली, माझा नातू आमच्याकडे सांगलीला आला होता. दुसऱ्याच दिवशी त्यानं माळ्यावरचं एक खोकं खाली काढलं. आत त्याच्या आईचा जुना व्हिडीओ गेम होता. प्लेस्टेशन २, दोन कंट्रोलर, आठ-दहा डीव्हीडी आणि काडेपेटीपेक्षा थोडं मोठं असं एक काळं मेमरी कार्ड. "आबा, हे अजून चालतं का?" त्यानं विचारलं. मी वायर जोडली. दिवा लागला, टीव्हीवर कन्सोलचं सुरुवातीचं चित्रही आलं. पण डीव्हीडी घातली की आत नुसती कुरकुर. लेझरचं भिंग निकामी झालं होतं.

त्या डीव्हीडींमध्ये एक 'क्रिकेट ०७' होता. माझ्या पत्नीला क्रिकेटचं भारी वेड. मुलगी कॉलेजला गेली आणि स्वयंपाकघर आवरलं की ही दुपारी खेळायला बसायची. कंट्रोलरला ती शेवटपर्यंत 'रिमोट'च म्हणत आली. २०११ मध्ये ती गेली. तिनं सुरू केलेली एक मालिका अर्धवट राहिली होती आणि ती त्या मेमरी कार्डात होती. हाच खेळ साध्या कॉम्प्युटरसाठीही निघाला होता, तो कुठूनही मिळवता आला असता. पण आम्हाला खेळ नको होता, ती मालिका हवी होती. मेमरी कार्डाची क्षमता फक्त आठ मेगाबाइट. आजच्या मोबाइलमधले दोन-तीन फोटो मावतील, एवढीच जागा.

मी तंत्रनिकेतनात बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. त्यामुळे पहिला विचार दुरुस्तीचा आला. एक जुनं भिंग मिळालंही, पण बसवल्यावर तेही चालेना. मग मुलगीच म्हणाली, "बाबा, इम्युलेटर वापरून बघा की." आज मी तुम्हाला सांगणार आहे ते या इम्युलेटरबद्दल, आणि त्याहून जास्त त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या एका न दिसणाऱ्या कामगाराबद्दल. त्याचं नाव ग्राफिक्स ड्रायव्हर.

इम्युलेटर म्हणजे सोंग घेणारा प्रोग्रॅम. बहुरूपी जसा पोलिसाचा वेश घेऊन दारात उभा राहतो, तसा हा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर प्लेस्टेशनचं सोंग घेतो. खेळाला वाटतं, आपण आपल्याच कन्सोलमध्ये आहोत. प्लेस्टेशन २ चं सोंग घेणारा पीसीएसएक्स२ नावाचा इम्युलेटर २००२ पासून आहे. गेमक्यूबसाठी डॉल्फिन आहे, तो २००३ मध्ये आला आणि २००८ मध्ये त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला झाला. दोन्ही फुकट मिळतात, दोन्ही लिनक्सवर चालतात.

लिनक्सचा विषय निघाला त्याचं कारणही सांगतो. माझा कॉम्प्युटर २०१२ सालचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींमध्ये माझं मशीन बसत नव्हतं. म्हणून दिवाळीच्या आधीच मी त्यावर लिनक्स टाकलं होतं. आत त्याच वर्षीचं एक रेडिऑन ग्राफिक्स कार्ड होतं.

आता तयारी. इम्युलेटरला कन्सोलचा बायोस लागतो, म्हणजे कन्सोल सुरू होताना चालणारा त्याच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम. तो कंपनीच्या मालकीचा असतो, त्यामुळे इम्युलेटरबरोबर मिळत नाही. तो स्वतःच्या कन्सोलमधून काढून घ्यायचा. आमच्या कन्सोलचं फक्त भिंग गेलं होतं, बाकी तो जिवंत होता. एका जुन्या विद्यार्थ्याच्या मदतीनं बायोस आणि मेमरी कार्डातल्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या. डीव्हीडी कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये नीट वाचली गेली. सगळं जमलं. नातू मांडी ठोकून बसला. मी खेळ सुरू केला.

आणि पडद्यावर गोगलगाय अवतरली. कंपनीचं बोधचिन्ह एखाद्या जड पडद्यासारखं ओढत ओढत वर आलं. संगीत तुकड्या-तुकड्यांनी वाजू लागलं, जुन्या टेपरेकॉर्डरची कॅसेट अडकावी तसं. कोपऱ्यात इम्युलेटर आपला वेग दाखवत होता: मूळ वेगाच्या ११ टक्के.

इथं थोडा हिशेब करू या. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, त्यामुळे भारतात विकल्या गेलेल्या डीव्हीडीही त्याच पद्धतीच्या. या पद्धतीत पडद्यावर सेकंदाला ५० वेळा चित्र उमटतं. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला येतात २० मिलिसेकंद. तेवढ्यात इम्युलेटरला खेळाचा हिशेब, आवाज आणि चित्र हे तिन्ही उरकायचं असतं. हे तिघं एका दोरीला बांधलेले असतात. चित्र रखडलं की आवाजही रखडतो. म्हणून आवाज तुटायला लागला की आपण स्पीकर बदलतो, आणि दोष असतो भलतीकडेच.

नातवानं रास्त शंका काढली. "आबा, प्लेस्टेशनचा प्रोसेसर किती जोरात चालायचा?" मी म्हटलं, साधारण २९४ मेगाहर्ट्झ. "आणि आपला?" तीन हजारांच्या पुढे. "मग आपला दहापट जोरात चालायला नको का?" नको, कारण सोंग घेणं महाग पडतं. प्लेस्टेशन २ मध्ये एकच प्रोसेसर नव्हता. मुख्य प्रोसेसरच्या जोडीला गणितं करणारे दोन, आवाजासाठी वेगळा, चित्रासाठी वेगळा, जुन्या खेळांसाठी आणि कंट्रोलरसाठी आणखी एक. हे सगळे एकाच वेळी, एका तालात चालायचे. इम्युलेटरला या अख्ख्या बँडपथकाचा ताल सांभाळावा लागतो, आणि प्रत्येक वाद्याची भाषा आपल्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवावी लागते. मात्र चित्राचं काम इम्युलेटर शक्यतो स्वतः करत नाही. ते तो ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतो. निदान सोपवायला बघतो.

ग्राफिक्स कार्ड कसं काम करतं, हे समजायला रांगोळी आठवा. शाळेच्या अख्ख्या पटांगणावर रांगोळी काढायची आहे. एक निष्णात कलाकार लावला, तर त्याला दिवस लागेल. पण पाचशे पोरं उभी केली, प्रत्येकाला एकेक चौकोन आणि एकेक रंग दिला, तर अर्ध्या तासात काम फत्ते. प्रोसेसर म्हणजे तो निष्णात कलाकार. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती पाचशे पोरं. प्रत्येकाला बुद्धी बेताची, पण सगळे एका दमात भिडतात.

आता या पाचशे जणांना सांगणार कोण, कुणी कुठं बसायचं आणि कोणता रंग भरायचा? ते काम ड्रायव्हरचं. प्रत्येक कंपनीच्या कार्डाची बोली वेगळी. इम्युलेटर बोलतो ओपनजीएल किंवा व्हल्कन या प्रमाणभाषांमध्ये. ओपनजीएल १९९२ मधली, व्हल्कन २०१६ मधली. ड्रायव्हर हा या दोन टोकांमधला दुभाषी.

लिनक्समध्ये या दुभाष्याचे दोन भाग असतात, आणि निम्मा घोळ हे न कळल्यामुळे होतो. एक भाग कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात बसतो. कार्डाला जागं करणं, त्याची मेमरी वाटून देणं, कुणाचं काम आधी ते ठरवणं, हे त्याच्याकडे. दुसरा भाग वर असतो, त्याचं नाव मेसा. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये तो लिहायला घेतला. खेळाची मागणी कार्डाच्या बोलीत उतरवणं हे मेसाचं काम. याखेरीज फर्मवेअर नावाची एक छोटी फाइल लागते. कार्ड सुरू होताना ती त्याच्यात भरली जाते. या तिघांपैकी एक जरी गैरहजर असला, तरी कार्ड झोपून राहतं.

आणि गंमत अशी, की कार्ड झोपलं तरी कॉम्प्युटर बंद पडत नाही. मेसाकडे अडीअडचणीची एक सोय आहे. तिचं नाव एलएलव्हीएमपाइप. पाचशे पोरं आलीच नाहीत, तर ती निमूटपणे एकट्या कलाकाराला पटांगणात बसवते. म्हणजे सगळं चित्र प्रोसेसर काढतो. पत्र टाइप करताना, बातम्या वाचताना तुम्हाला काही कळत नाही. थोडं जड वाटतं, इतकंच. खेळ सुरू केला की मात्र भांडं फुटतं.

हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मी शिकवायचो ती सर्किटं ट्रान्झिस्टरची. मी सरळ ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "सर, कार्ड जुनं झालंय. नवीन टाका." किंमत ऐकून मी घरी आलो. वाटेत विचार करत होतो, की पेन्शनमधून एवढे पैसे एका अर्धवट मालिकेसाठी घालायचे का. घालायचे, असंच मन म्हणत होतं. पण मनातला मास्तर म्हणाला, आधी मापून बघ.

त्या रात्री मी कॉम्प्युटरलाच विचारलं. लिनक्समध्ये टर्मिनल नावाची एक काळी खिडकी असते, तिथं प्रश्न टाइप करता येतात. पहिला प्रश्न: कोणतं कार्ड बसवलंय आणि त्याचा कोणता ड्रायव्हर कामावर आहे? त्यासाठीची आज्ञा आहे एलएसपीसीआय, पुढे एक जागा सोडून आडवी रेघ आणि के. उत्तरात कार्डाचं नाव आलं. म्हणजे कार्ड होतं, दिसत होतं. त्याला चालणाऱ्या ड्रायव्हरांची नावंही आली. पण 'कोणता वापरात आहे' ही ओळच नव्हती. हजेरीपटावर नाव आहे, पण वर्गात कुणी नाही, असा प्रकार.

दुसरा प्रश्न: मग चित्र कोण काढतंय? त्यासाठीची आज्ञा जीएलएक्सइन्फो. तिच्या उत्तरात 'रेंडरर' अशी एक ओळ असते. तिथं तुमच्या कार्डाचं नाव दिसलं पाहिजे. माझ्याकडे दिसलं एलएलव्हीएमपाइप. एकटा कलाकार पटांगणात घाम गाळत होता आणि पाचशे पोरं सावलीत बसली होती.

त्यांना आत येऊ कोण देत नव्हतं? तिसरा प्रश्न विचारला, की कॉम्प्युटर सुरू होताना कर्नेलला कोणत्या सूचना दिल्या गेल्या. त्या यादीत एक शब्द होता: नोमोडसेट. तो वाचला आणि माझे कान लाल झाले. कारण तो मीच लिहिला होता.

झालं होतं असं. लिनक्स टाकताना पडदा एकदम काळा पडला होता. एका पुस्तिकेत वाचलं, की अशा वेळी नोमोडसेट ही सूचना द्यावी. दिली, पडदा उजळला. मी खूश. इतका खूश, की काम झाल्यावरही ती सूचना कायमची लिहून ठेवली. तिचा अर्थ वाचलाच नाही. तिचा अर्थ असा: पडद्याची मांडणी कर्नेलमधल्या ड्रायव्हरनं करू नये. ती आजाऱ्याला तात्पुरती दिलेली पेज होती, मी ती धडधाकट माणसाला रोज देत बसलो होतो.

आणि पडदा काळा का पडला होता? कार्डातही दोष नव्हता, लिनक्समध्येही नव्हता. माझा मॉनिटर जुना, त्याला एक स्वस्तातला कन्व्हर्टर लावून जोडलं होतं. पूर्ण रुंदीचं चित्र पाठवलं, की तो कन्व्हर्टर मान टाकायचा. कन्व्हर्टर बदलला, ती सूचना खोडली, बूटची यादी नव्यानं लिहिली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. रेंडररच्या ओळीत रेडिऑनचं नाव आलं. खेळ लावला. ११ टक्क्यांवरून वेग गेला ८० च्या आसपास. नवीन कार्डाचे पैसे वाचले, अहंकार मात्र गेला.

इथं थोडं मागे जायला हवं. लायनस टॉरवल्ड्सनं फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना १९९१ मध्ये लिनक्स लिहायला सुरुवात केली. पुढे बरीच वर्षं ग्राफिक्स कार्ड हे लिनक्सवाल्यांचं दुखणं होतं. कार्डाच्या आत काय चालतं, हे कंपन्या सांगत नसत. ज्याची बोलीच माहीत नाही, त्याचा दुभाषी कसा तयार करणार? एटीआय ही रेडिऑनची मूळ कंपनी एएमडीनं २००६ मध्ये घेतली, आणि २००७ मध्ये एएमडीनं कार्डांची तांत्रिक माहिती खुली करायचं ठरवलं. त्यातून खुले ड्रायव्हर वाढले.

एनव्हिडियाच्या बाबतीत रस्ता लांबचा निघाला. कंपनी स्वतःचा ड्रायव्हर देत असे, पण बंद पेटीत. तेव्हा काही मंडळींनी कार्डाला काय संदेश जातात आणि ते काय करतं, हे बघून बघून त्याची बोली शिकून घेतली. त्यातून नूव्हो हा ड्रायव्हर तयार झाला आणि २०१० मध्ये तो कर्नेलमध्ये गेला. शब्द फ्रेंच, अर्थ 'नवा'. पुढच्या काही कार्डांना कंपनीची सही असलेलं फर्मवेअर लागू लागलं आणि नूव्होला ती कार्डं पूर्ण वेगानं चालवता येईनात. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका जाहीर कार्यक्रमात टॉरवल्ड्सनं या कंपनीवर ज्या शब्दांत राग काढला, ते शब्द रेडिओवर सांगता येणार नाहीत. २०२२ मध्ये मात्र कंपनीनं आपल्या नव्या कार्डांसाठी ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला.

ज्यांच्याकडे एनव्हिडियाचं कार्ड आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कंपनीचा ड्रायव्हर हवा असेल, तर तो आपल्या लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावा. हा भाग कर्नेलच्या बाहेरचा. कर्नेल अद्ययावत झालं, की तोही नव्या कर्नेलच्या मापानं पुन्हा शिवावा लागतो. भांडारातून घेतला, तर हे काम आपोआप होतं. हातानं बसवला, तर एखाद्या सकाळी अपडेटनंतर पडदा रुसलेला दिसतो. दुसरी गोष्ट सिक्युअर बूटची. ही सोय चालू असली, तर सही नसलेला ड्रायव्हर दारातच अडवला जातो. तेव्हा बसवताना पासवर्ड विचारून जी निळी खिडकी येते, ती घाईत बंद करू नका. ती सहीचीच असते.

आता माझ्या उरलेल्या २० टक्क्यांकडे. विद्यार्थी म्हणाला, "सर, ओपनजीएलऐवजी व्हल्कन लावून बघा." व्हल्कनमध्ये दुभाष्याची मधली बडबड कमी असते, प्रोसेसरवरचा भार हलका होतो. इम्युलेटरमध्ये व्हल्कन निवडलं, आणि पुन्हा गोगलगाय. पुन्हा विचारलं, चित्र कोण काढतंय? उत्तर तेच: एलएलव्हीएमपाइप. व्हल्कनसाठीही मेसाकडे तशीच एकट्या कलाकाराची सोय असते, आणि ती त्याच नावानं दिसते.

या वेळचं कारण निराळं होतं. माझ्या पिढीच्या रेडिऑन कार्डांना कर्नेलमध्ये दोन ड्रायव्हर चालतात. एक जुना, रेडिऑन नावाचा. दुसरा नवा, एएमडीजीपीयू, २०१५ पासूनचा. व्हल्कनला नवाच लागतो. पण तेव्हाचं कर्नेल या जुन्या कार्डांना जुन्याच ड्रायव्हरच्या हाती देत होतं. कर्नेलला दोन सूचना द्याव्या लागल्या: जुन्यानं बाजूला व्हावं, नव्यानं कार्ड हाती घ्यावं. या वेळी मात्र अर्थ आधी वाचला, मग लिहिलं. पुन्हा सुरू केलं. वेग १०० टक्के. आवाज एकसंध. स्टेडियमचा गलका खोलीभर घुमला.

पुढचं ऐका. त्या दिवाळीनंतर आलेल्या कर्नेलमध्ये या जुन्या कार्डांना नवा ड्रायव्हर आपोआप मिळायची सोय झाली. कार्ड २०१२ चं. दुकानात ते मिळणं केव्हाच बंद झालेलं. त्यातून कुणाला एक रुपयाही सुटणार नाही. तरी कुणीतरी बसून हे काम केलं, तपासलं आणि सगळ्यांसाठी ठेवून दिलं. रेडिऑनचा व्हल्कन ड्रायव्हर, आरएडीव्ही, तोही असाच. २०१६ मध्ये डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन यांनी कंपनीची वाट न पाहता तो लिहायला घेतला. पुढे कंपनीनं स्वतःचाही एक खुला ड्रायव्हर आणला, पण २०२५ मध्ये तो थांबवून याच ड्रायव्हरला पाठिंबा दिला.

हे मी का सांगतोय? वस्तू आपण विकत घेतो, पण ती किती वर्षं चालेल, हे बरेचदा तिच्या आतलं धातू-प्लॅस्टिक ठरवत नाही. तिच्याशी बोलणारा दुभाषी किती दिवस नोकरीवर राहतो, यावर ते ठरतं. दुभाषी एकाच मालकाचा असेल, तर मालकानं पगार थांबवला, की चांगली वस्तू मुकी होते. त्याचं ज्ञान सगळ्यांसमोर लिहिलेलं असेल, तर कुणीही ते काम पुढे चालवू शकतं. इम्युलेटरचंही तेच. प्लेस्टेशन २ तयार करणं २०१३ च्या आसपास थांबलं. २००९ मध्ये हैदराबादेत तयार झालेला 'हनुमान: बॉय वॉरियर' हा खेळ त्याच कन्सोलसाठी होता. घराघरांतली ती भिंगं आता एकेक करून डोळे मिटताहेत. असे खेळ उद्या बघायचे असतील, तर इम्युलेटर लागेल, आणि इम्युलेटरला चांगला ड्रायव्हर.

कायद्याचंही बोलून ठेवतो. इम्युलेटर लिहिणं ही चोरी नव्हे. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात २००० साली अपील न्यायालयानं इम्युलेटर लिहिणाऱ्याच्या बाजूनं कौल दिला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, कलम ५२ मध्ये, कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमची सुरक्षेसाठी प्रत ठेवायला वाव आहे. पण दुसऱ्याचा खेळ किंवा बायोस कुठून तरी उतरवून घेणं ही वेगळी गोष्ट. आपली डीव्हीडी, आपला कन्सोल, आपली प्रत, एवढं पथ्य पाळावं.

आणखी एक पथ्य हावरेपणाचं. सगळं सुरळीत झाल्यावर नातवानं चित्र तिपटीनं स्पष्ट करायचं बटण दाबलं आणि खेळ पुन्हा रखडला. "आबा, ड्रायव्हर गेला!" ड्रायव्हर कुठे गेला नव्हता. लांबी तिप्पट आणि रुंदी तिप्पट, म्हणजे ठिपके नऊपट. पोरं तेवढीच, पटांगण नऊपट. तसंच, नवं दृश्य पहिल्यांदा येताना एखादा झटका बसला, तर घाबरू नये. रंग भरायच्या नव्या कृती, ज्यांना शेडर म्हणतात, त्या तेव्हा कार्डाच्या बोलीत उतरत असतात. एकदा उतरल्या, की जपून ठेवल्या जातात. दुसऱ्यांदा झटका नाही.

तेव्हा लिनक्सवर इम्युलेटर रखडला, तर नवीन कार्ड घ्यायच्या आधी, सगळं पुसून पुन्हा टाकायच्या आधी, कॉम्प्युटरला हे क्रमानं विचारा. कार्ड दिसतं का? त्याचा ड्रायव्हर कामावर आहे का? चित्र कोण काढतंय? व्हल्कन वापरत असाल तर तिथं कोण काढतंय? आणि शेवटी, सुरुवातीच्या सूचनांमध्ये आपणच काही लिहून विसरलो तर नाही ना? पाच मिनिटांचं काम आहे. मी त्यात तीन दिवस घालवले, ते तुमचे वाचावेत.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मुलगी आली. मेमरी कार्डाची फाइल जोडली आणि खेळातली साठवलेल्या मालिकांची यादी उघडली. हिची मालिका तिथं होती. भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया, दोन सामने जिंकलेले, एक हरलेला, चौथा बाकी. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हरलेला सामना मी खेळले होते. आई चिडली होती माझ्यावर."

नातवाला चौथा सामना खेळायचा होता. मी त्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलं. त्या फाइलच्या दोन प्रती काढल्या, एक पेनड्राइव्हवर, एक मुलीच्या लॅपटॉपवर. त्या नीट उघडतात, याची खात्री केली. मग त्याच्या हातात रिमोट दिला.